सलाईनची सुई: पाकिटातून शिरेत, शिरेतून पांढऱ्या डब्यात

सलाईन लावलेला पेशंट हात लाकडासारखा ताठ धरून पडलेला असतो. नातेवाईकही बजावत असतात, ‘हात हलवू नकोस, आत सुई आहे.’ खरं तर आत सुई नसतेच. शिरेत राहते ती मऊ प्लास्टिकची बारीक नळी. धातूची सुई फक्त तिला वाट करून देते आणि अर्ध्या-एक मिनिटात बाहेर येते. वॉर्डात कुणी हिला इंट्राकॅथ म्हणतं, कुणी व्हेनफ्लॉन, कुणी नुसतं कॅन्युला. वस्तू एकच.

बाहेर आलेली ती सुई मात्र पोकळ असते आणि पोकळीत ताजं रक्त असतं. त्वचा शिवायच्या भरीव सुईपेक्षा ती म्हणूनच जास्त धोक्याची. पेशंटच्या हातापासून डब्यापर्यंत तिचा प्रवास जेमतेम हातभराचा, पण सिस्टर, शिकाऊ मुली, वॉर्डबॉय आणि कचरा उचलणाऱ्या मावशी यांना सुया टोचतात त्या याच टप्प्यात किंवा त्यानंतर. त्यामुळे सलाईन लावायची तयारी शेवटाकडून करावी. सुई टाकायची जागा आधी ठरवायची, पाकीट नंतर फोडायचं.

आधी एक प्रश्न: सलाईन हवंच का?

‘अशक्तपणा आलाय, एक बाटली लावून द्या’ ही मागणी आपल्याकडे गावोगावी होते. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिलीच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे चहाचे पाचेक चमचे. नॉर्मल सलाईनच्या तेवढ्याच बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ. ज्याला तोंडाने पिता येतं, उलटीत सगळं पडून जात नाही आणि शुद्ध नीट आहे, त्याला साध्या जुलाबात ओआरएस पुरतं. हृदयाच्या किंवा किडनीच्या पेशंटला उगाच दिलेली बाटली फुप्फुसात पाणी साठवू शकते. जी सुई टोचलीच नाही, तिच्यापासून कुणालाच इजा होत नाही. डॉक्टरांची लेखी ऑर्डर, त्यात द्रवाचं नाव, प्रमाण आणि किती तासांत द्यायचं, एवढं हातात आल्याशिवाय ट्रे उचलू नये.

ट्रे आणि डबा

ट्रेमध्ये हवं ते असं: दोन वेगवेगळ्या नंबरांचे कॅन्युला, टुर्निकेट (शीर फुगावी म्हणून दंडाला-हाताला बांधायचा पट्टा), त्वचेसाठी जंतुनाशक, कोरडा निर्जंतुक गॉज, पारदर्शक ड्रेसिंग, नॉर्मल सलाईन भरलेली १० मिलीची सिरिंज, एक्स्टेन्शन (जोडनळी) किंवा थ्री-वे (तीन तोंडांची तोटी), हवा काढून तयार ठेवलेला आयव्ही सेट (बाटलीपासून कॅन्युलापर्यंतची नळी) आणि हातमोजे. चिकटपट्टीचे तुकडे आधी कापून पलंगाच्या कठड्याला चिकटवून ठेवायची सवय बऱ्याच वॉर्डांत आहे. ती मोडावी. त्या कठड्यावर दिवसभरात किती हात लागतात ते आठवा, आणि तीच पट्टी आपण उघड्या जखमेशेजारी लावतो.

आता डबा. जैववैद्यकीय कचरा नियम २०१६ प्रमाणे सुया पांढऱ्या, अर्धपारदर्शक, न टोचणाऱ्या आणि न गळणाऱ्या डब्यात जातात. हा डबा पेशंटच्या पलंगाशी, तुमच्या हाताच्या टप्प्यात, तुम्ही ज्या हाताने सुई काढणार त्या बाजूला हवा. डबा नर्सिंग स्टेशनवर आणि सुई बारा नंबरच्या बेडवर, ही व्यवस्थाच चुकीची आहे. रक्ताळलेली सुई किडनी ट्रेमध्ये घेऊन वॉर्डभर चालावं लागतं, वाटेत कुणीतरी धडकतं. डबा तीन-चतुर्थांश भरला की बंद करून बदलायचा. काठोकाठ भरलेल्या डब्यात सुई कोंबताना आतली दुसरी सुई बोटात घुसते.

नंबर कसा निवडायचा

नंबर जितका मोठा, सुई तितकी बारीक. रंग जगभर सारखेच: १६ करडा, १८ हिरवा, २० गुलाबी, २२ निळा, २४ पिवळा. पाकिटावर दर मिनिटाला किती मिली जातं ते छापलेलं असतं. कंपनीनुसार थोडा फरक पडतो, पण ढोबळ मानाने १८ मधून ९० च्या आसपास, २० मधून ६०, २२ मधून ३५ आणि २४ मधून २० मिली.

हे आकडे नीट पाहा. वॉर्डातलं नेहमीचं सलाईन तासाला १०० मिलीने चालतं, म्हणजे मिनिटाला दोन मिलीसुद्धा नाही. त्यासाठी २२ नंबर भरपूर झाला. जाड कॅन्युला शीर पूर्ण भरून टाकतो, त्याच्या बाजूने रक्त वाहायला जागा उरत नाही, औषध पातळ न होता शिरेच्या आतल्या अस्तरावर बसतं आणि दुसऱ्या दिवशी शीर लाल, दोरीसारखी कडक होते. काम होईल असा सगळ्यात बारीक नंबर घ्यायचा, हा नियम. अपवाद जिथे वेळ कमी आणि द्रव जास्त तिथला: प्रसूतीनंतरचा रक्तस्राव, अपघात, मोठी शस्त्रक्रिया. तिथे १६ किंवा १८, आणि शक्यतो दोन हातांत दोन. रक्त चढवायला साधारण १८ किंवा २० घेतात. लहान बाळाला आणि खूप नाजूक शिरांच्या म्हाताऱ्या माणसाला २४.

शीर शोधणं

शीर डोळ्यांपेक्षा बोटाने शोधावी. चांगली शीर दाबली की रबरासारखी परत वर येते. वर निळी दिसणारी पण बोटाला काहीच न लागणारी शीर बहुतेक वेळा फसवते. दोरीसारखी कडक लागली तर ती आधीच वापरून खराब झालेली आहे. ठोके लागले तर ती धमनी आहे, तिथून हात काढा.

पहिली पसंती कोपराखालच्या सपाट भागाला, पेशंट ज्या हाताने जेवत नाही त्या हाताला. सांध्यावर लावलेला कॅन्युला दर हालचालीला शिरेत वर-खाली घासतो, म्हणून कोपराची घडी आणि मनगट टाळायचं. मनगटाच्या आतल्या बाजूला आणि अंगठ्याच्या मुळाकडच्या भागात नसा अगदी वर असतात, तिथे सुई घालू नये. डायलिसिसचा फिस्टुला (शस्त्रक्रियेने धमनी आणि शीर जोडून केलेली जागा) असलेला हात, स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढलेल्या बाजूचा हात, लकवा मारलेला किंवा सुजलेला हात, भाजलेली जागा, हेही नको. मोठ्या माणसाला पायात लावणं अगदी नाइलाजाचं, कारण तिथे गुठळी होण्याची भीती जास्त.

टुर्निकेट टोचायच्या जागेच्या आठ-दहा सेंटिमीटर वर बांधायचं. मनगटाची नाडी लागत राहिली पाहिजे. ती बंद झाली तर रक्त हातात येणारच नाही, मग शीर भरेल कशी? एका मिनिटात शीर मिळाली नाही तर सोडून द्या, हात खाली लोंबू द्या, कोमट कापड गुंडाळा, मूठ हळूहळू उघड-मीट करू द्या. शिरेवर फटाफट चापट्या मारायची पद्धत सोडावी. त्याने पेशंटला दुखतं आणि पातळ शीर फुटायला मदत होते. ज्यांची कातडी कागदासारखी झाली आहे अशा वृद्धांना टुर्निकेट बाहीवरून, सैल बांधा, किंवा बांधूच नका.

त्वचेची सफाई

हात आधी. अल्कोहोल रब असेल तर २० ते ३० सेकंद, साबण-पाणी असेल तर ४० ते ६० सेकंद. मग मोजे. शीर बोटाला कळत नाही म्हणून मोज्याचं तर्जनीचं टोक कापून टाकणारे हात बऱ्याच ठिकाणी दिसतात. नेमकं तेच बोट सुईच्या सगळ्यात जवळ असतं. शीर मोजे घालण्याआधी चाचपून, कुठे टोचायचं ते एखाद्या तिळावरून किंवा सुरकुतीवरून लक्षात ठेवावं.

७० टक्के अल्कोहोलमधलं २ टक्के क्लोरहेक्झिडिन असेल तर उत्तम. ३० सेकंद घासायचं आणि आपोआप वाळू द्यायचं. पोव्हिडोन आयोडिन वापरत असाल तर त्याला वाळायला दोनेक मिनिटं द्या. फुंकर मारून वाळवू नका, गॉजने पुसू नका. ओल्या त्वचेतून सुई गेली की जंतुनाशक आत जातं, आग होते, आणि जंतू मरायला जो वेळ हवा तो मिळालेलाच नसतो. सफाईनंतर ती जागा पुन्हा बोटाने चाचपली, तर सफाई पुन्हा पहिल्यापासून.

टोचणं आणि सुई बाहेर काढणं

कॅन्युलाचं टोपण काढून टोक पाहून घ्या, सुईचं तिरकं तोंड वर ठेवा. टोचण्याच्या जागेच्या खालची कातडी दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने खाली ताणा, म्हणजे शीर निसटत नाही. अंगठा सुईच्या रेषेत ठेवू नका. शीर वरच असेल तर १० ते १५ अंशांचा कोन, खोल असेल तर ३० पर्यंत.

मागच्या पारदर्शक भागात रक्त दिसलं की थांबा. बरेच कॅन्युला इथेच वाया जातात. रक्त दिसलं म्हणजे सुईचं टोक शिरेत पोचलं, प्लास्टिकची नळी अजून नाही; ती सुईच्या टोकापेक्षा किंचित मागे असते. या क्षणी सुई मागे ओढून नळी ढकलायला गेलं तर नळी शिरेच्या भिंतीवर अडते आणि जागा फुगते. म्हणून आधी कोन कमी करून कॅन्युला जवळजवळ कातडीला टेकवायचा, दोन-तीन मिलिमीटर पुढे न्यायचं, मग सुई स्थिर धरून नळी तिच्यावरून हळूच पुढे सरकवायची. नळी आणि सुई यांच्या मधे दुसरी रक्ताची रेघ सरकताना दिसली की नळीही शिरेत आहे.

एकदा नळी सुईवरून पुढे सरकली की सुई पुन्हा तिच्यात घालायची नाही. सुईचं धारदार तोंड आतून नळी कापतं आणि तुटलेला तुकडा रक्ताबरोबर हृदयाकडे जाऊ शकतो. जमलं नाही तर दोन्ही एकत्र बाहेर काढा, नवं पाकीट, नवी जागा. एकाने दोनदा प्रयत्न करावा, त्याहून जास्त नाही. मग जास्त सरावाच्या माणसाला बोलवा.

टोचताना पेशंटला बोटांपर्यंत करंट गेल्यासारखी कळ आली किंवा मुंग्या आल्या तर नसेला धक्का लागला आहे, लगेच काढा. लालभडक रक्त ठोक्याठोक्याने उसळलं तर धमनी लागली आहे. काढून निदान पाच मिनिटं घट्ट दाबा आणि डॉक्टरांना सांगा.

नळी बसली की क्रम असा: टुर्निकेट सोडा. नळीचं टोक आत जिथे असेल त्याच्या पुढे, कातडीवरून बोटाने शीर दाबा, म्हणजे रक्त बाहेर सांडणार नाही. सुई एका सरळ ओढीत बाहेर काढा. सेफ्टी कॅन्युला असेल तर टोकावर क्लिप बसलेली दिसली पाहिजे. आणि सुई काढलेल्या हाताने पुढचं कुठलंही काम न करता ती थेट पांढऱ्या डब्यात. पलंगावर ‘एक सेकंद’ ठेवलेली सुई चादरीच्या घडीत जाते आणि संध्याकाळी चादर गोळा करणाऱ्या मावशींच्या तळहातात सापडते. लाल पिशवीत चुकून गेलेली सुई पिशवी उचलताना पिंढरीत घुसते.

सुईला टोपण परत लावायचं नाही. दुसरा इलाजच नसेल, तर टोपण ट्रेवर आडवं ठेवून एकाच हाताने सुईने ते उचलायचं, दुसरा हात पाठीमागे. औषध भरायच्या साध्या सिरिंजची सुई कटरने कापून पांढऱ्या डब्यात, सिरिंज लाल पिशवीत. वापरलेला आयव्ही सेट आणि प्लास्टिकची नळी लाल पिशवीत. काचेच्या कुप्या निळ्या खोक्यात. रक्ताळलेला कापूस-गॉज पिवळ्या पिशवीत.

बाटली, हवा आणि थेंब

बाटली लावण्याआधी उजेडासमोर धरून आत कण किंवा गढूळपणा नाही ना ते पाहा, दाबून गळते का बघा, मुदत वाचा. प्लास्टिकच्या बाटलीवर मार्करने लिहू नका, लेबल चिकटवा.

थेंब पडेनात की बाटलीच्या बुडाला सुई खुपसून हवा द्यायची, ही आपल्याकडची फार जुनी आणि फार वाईट सवय. त्या भोकातून वॉर्डातली न गाळलेली हवा, धूळ आणि जंतू सरळ द्रवात जातात, आणि पेशंटच्या डोक्यावर उघडी सुई लटकत राहते. मऊ पिशवी आपोआप आकसते, तिला हवा लागत नाही. थोड्या कडक बाटलीसाठी फिल्टर असलेलं एअर व्हेंट सेटवरच असतं, त्याची टोपी उघडा. तशीच दुसरी सवय औषधाच्या कुपीच्या रबरात सुई रोवून ठेवायची, म्हणजे पुढच्या वेळी सोपं जातं. कुपीला ते उघडं दारच झालं. दर वेळी रबर अल्कोहोलने पुसा, नवी सिरिंज, नवी सुई.

सुई बदलली पण सिरिंज तीच ठेवली, तरी चालत नाही. रक्त सिरिंजमध्येही मागे येतं. २००९ साली गुजरातेत मोडासा भागात हिपॅटायटिस बीची जीवघेणी साथ आली, तिचा माग पुन्हा पुन्हा वापरलेल्या सिरिंजांपर्यंत गेला होता.

थेंबांचं गणित: एकूण मिली गुणिले त्या सेटमधून एका मिलीला पडणारे थेंब, भागिले एकूण मिनिटं. साध्या सेटला बहुधा २० थेंबांचा एक मिली होतो, काहींना १५, म्हणून पाकीट वाचा. ५०० मिली ८ तासांत द्यायचे तर ५०० गुणिले २० भागिले ४८०, म्हणजे मिनिटाला २१ थेंब. मायक्रो म्हणजे बारीक थेंबांच्या सेटला ६० थेंबांचा मिली, त्यामुळे तासाला जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब. गणित करावंच लागत नाही. चेंबर, म्हणजे थेंब पडताना दिसतात तो सेटचा पारदर्शक भाग, अर्धं भरलेलं ठेवा, पूर्ण भरलं तर थेंब मोजता येत नाहीत. पोटॅशियमचं औषध मात्र असं थेट शिरेत कधीही सोडायचं नाही, ते कायम पातळ करून, संथ गतीनेच. आणि नातेवाइकांनी रोलर (नळीवरचं वेग कमी-जास्त करायचं चाक) फिरवून ‘लवकर संपवू’ नये, हे त्यांना आधीच समजावून सांगा.

लागल्यावर लक्ष कसं ठेवायचं

सुरू करण्याआधी सिरिंजने सलाईन ढकलून पाहा. सहज गेलं, जागा फुगली नाही, दुखलं नाही, तर ठीक. कॅन्युलाच्या टोकाजवळची जागा पारदर्शक ड्रेसिंगमधून दिसली पाहिजे. वरून चार आडव्या-उभ्या पट्ट्या मारून जागा झाकून टाकली तर बिघाड कळतो तो ताप आल्यावर. ड्रेसिंगवर तारीख, वेळ, नंबर लिहा. दर वेळी औषध देण्याआधी हब, म्हणजे कॅन्युलाचं जिथे सिरिंज जोडतो ते तोंड, अल्कोहोलने १५ सेकंद घासा आणि वाळू द्या. वरच्या रंगीत टोपीचा पोर्ट उघडा राहिलेला दिसला तर तो जंतूंना मोकळा रस्ता आहे.

प्रत्येक शिफ्टला निदान एकदा, आणि शिरेला त्रास देणारं औषध चालू असेल तर कितीतरी जास्त वेळा, हात लावून बघा. लाली, दुखणं, गरमपणा, कडक शीर म्हणजे शीर सुजली. जागा गार, फिकट, फुगलेली म्हणजे सलाईन आउट झालं, द्रव शिरेबाहेर मांसात जातोय. दोन्हीत कॅन्युला काढायचा. अडकलेला कॅन्युला जोर लावून मोकळा करू नका, आतली गुठळी पुढे जाते. नॉरअ‍ॅड्रेनलिन, कॅल्शियम, फेनिटॉइन, ५० टक्के डेक्स्ट्रोज यांसारखं औषध बाहेर गळालं तर मांस जळू शकतं. तिथे आधी औषध थांबवा, कॅन्युला लगेच न काढता त्यातूनच सिरिंजने जेवढं मागे ओढता येईल तेवढं ओढा, मग काढा, सुजेची कड पेनाने आखा, हात उंच ठेवा, डॉक्टरांना तेव्हाच बोलवा.

सलाईन सुरू होऊन हुडहुडी भरली तर रोलर बंद करा, सेट वेगळा करा, पण शिरेतला कॅन्युला चांगला असेल तर ठेवा, औषधाला लागेल. बाटली आणि सेट फेकू नका, बॅच नंबर लागतो.

घाईत, नीट सफाई न करता लावलेला कॅन्युला २४ ते ४८ तासांत बदला. बाकीच्यांना पूर्वी ७२ ते ९६ तासांचा नियम होता. आता बऱ्याच ठिकाणी जागा रोज तपासून, बिघडली तरच बदलतात. तुमच्या रुग्णालयाचा जो लेखी नियम असेल तो पाळा. पण गरज संपलेला कॅन्युला ‘राहू दे, लागला तर’ म्हणून ठेवू नका. काढताना कोरडा गॉज घ्या, स्पिरिटचा कापूस नको, त्याने झोंबतं. नळी पूर्ण बाहेर आल्यावरच दाबा, दोन-तीन मिनिटं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर अधिक. नळीचं टोक अखंड आहे ना ते पाहा.

तरीही सुई टोचलीच तर

बोट पिळू नका, चोखू नका, डेटॉल-स्पिरिट ओतू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. इन्चार्जना लगेच सांगा, ड्यूटी संपायची वाट पाहू नका. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचल्यास लागण होण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के असते. हिपॅटायटिस बीची, लस न घेतलेल्या माणसात, ६ ते ३० टक्के. म्हणजे जास्त धास्ती बी काविळीची हवी, आणि तिची लस आहे: ०, १ आणि ६ महिन्यांना तीन डोस, शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस, म्हणजे लसीने संरक्षण तयार झालं का ते सांगणारी रक्ततपासणी, पातळी १० mIU/ml किंवा अधिक हवी. लस झालेली नसेल तर टोचल्यावर लस आणि इम्युनोग्लोब्युलिन शक्यतो २४ तासांच्या आत.

एचआयव्ही प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने शक्यतो पहिल्या दोन तासांत सुरू व्हाव्यात; ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग धरत नाहीत. सुरू केल्या तर २८ दिवस पूर्ण घ्यायच्या. स्वतःची रक्ततपासणी त्याच दिवशी, मग ६ आठवडे, ३ महिने आणि ६ महिन्यांनी. रात्रपाळीत या गोळ्या कुठल्या कपाटात आहेत आणि किल्ली कुणाकडे असते, हे ड्यूटीवर चढतानाच विचारून ठेवा.